बोटीवरचा मुलगा, माडबनची अणुभट्टी, बागेतला नेपाळी: जगाची खबर देणाऱ्या काही सेवांची कोकणी परीक्षा

जगात काय चाललंय यावर मत देणारे एसटी स्टँडपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे भेटतात. आकडा, तारीख आणि ती कुठून आली हे सांगणारे कमी. इथे ज्या सेवा पाहिल्या त्यांना कसोटी एकच लावली. ज्या गोष्टीचं खरंखोटं किनारपट्टीवरच्या माणसाला आधीच ठाऊक आहे, ती गोष्ट या सेवेला विचारायची. मग ती काय सांगते, काय गाळते आणि कुठे फसवते ते बघायचं. आपल्या दारातल्या प्रश्नावर जी चुकते, तिचं गाझावरचं किंवा युक्रेनवरचं उत्तर डोळे मिटून कशाला घ्यायचं? सगळ्या सेवा फुकट आहेत, किंवा त्यांचा फुकट भाग तेवढाच इथे धरला आहे.

मरीनट्रॅफिक आणि व्हेसलफाइंडर

बोटीवर मुलगा असलेलं घर दापोली-खेडपासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत कुठेही सापडतं, आणि त्या घरातल्या फोनवर हिरवे-तांबडे बाण सरकणारा नकाशा असतो. हिरवा बाण मालवाहू जहाजाचा, तांबडा टँकरचा. मरीनट्रॅफिक ही सेवा २००७ साली ग्रीसमधल्या एका विद्यापीठीय प्रकल्पातून सुरू झाली. २०२३ पासून ती केप्लर या माल-वाहतुकीची माहिती विकणाऱ्या कंपनीकडे आहे. व्हेसलफाइंडरही याच जातीची. दोन्हींचा कच्चा माल एकच, जहाजावरचं एआयएस यंत्र. ३०० टनांवरच्या (ग्रॉस टनेज) आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या मालवाहू जहाजांना आणि सगळ्या प्रवासी जहाजांना ते सक्तीचं आहे. चालतं जहाज दर २ ते १० सेकंदांनी आपली जागा, वेग आणि दिशा प्रसारित करतं, नांगरलेलं दर ३ मिनिटांनी. मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बहुतेक ट्रॉलरवर हे यंत्र नसतं, तेव्हा मासेमारीला गेलेली बोट इथे शोधू नये.

पहिली मेख इथेच आहे. हे प्रसारण व्हीएचएफ रेडिओवर होतं आणि किनाऱ्यावरच्या अँटेनाला ते साधारण ४० सागरी मैल, म्हणजे ७४ किलोमीटरपर्यंत ऐकू येतं. जहाज त्यापलीकडे गेलं की उपग्रहच लागतो आणि उपग्रहाची नोंद पैसे भरणाऱ्याला मिळते. मुंबईहून निघालेलं जहाज दुसऱ्या दिवशी नकाशावरून ‘नाहीसं’ होतं ते एवढ्याचसाठी. बाणावर बोट ठेवलं की शेवटची नोंद किती वेळापूर्वीची ते दिसतं. ती ओळ आधी वाचावी, नकाशा मग. सहा दिवसांपूर्वीची जागा आजची समजून घरात रडारड होण्याचे प्रसंग बहुतेक या ओळीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे घडतात.

दुसरी मेख आधुनिक युद्धाची. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज पळवलं आणि तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, तेव्हापासून एआयएसचा वापरच बदलला. गंतव्य बंदराची चौकट जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो. त्या चौकटीत बंदराच्या नावाऐवजी ‘सगळे खलाशी चिनी’, ‘इस्राईलशी संबंध नाही’, ‘सशस्त्र रक्षक आहेत’ असे निरोप दिसू लागले. म्हणजे जहाज कुठे चाललंय याचा या सेवेतला सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे तीच चौकट. बरं, जहाजाच्या सुरक्षिततेला धोका वाटला तर यंत्र बंद करण्याची मुभा कप्तानाला आहे. तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी, बाब-एल-मंदेबजवळ, जहाजाची खूण दिसेनाशी झाली तर ती बहुधा अशी मुद्दाम मालवलेली असते. उलट जून २०२५ मध्ये इस्राईल-इराण संघर्षाच्या दिवसांत होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ शेकडो जहाजांच्या खुणा भलत्या जागी, काही चक्क जमिनीवर दिसत होत्या. तो जीपीएसमध्ये घातलेला गोंधळ. खूण वाळवंटात दिसली म्हणून जहाज फुटलं असं नसतं, आणि खूण शांतपणे सरकतेय म्हणून सगळं ठीक आहे असंही नसतं.

नाव टाकून शोधू नये. एकाच नावाची डझनभर जहाजं असतात. आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक घ्या. तो सात आकडी असतो आणि जहाज विकलं, नाव बदललं, झेंडा बदलला तरी तोच राहतो. नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे जहाजाच्या रेडिओचा ओळख क्रमांक, मात्र झेंड्याबरोबर बदलतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे असतात: भारत ४१९, लायबेरिया ६३६, मार्शल बेटं ५३८. दलालाने दिलेला आयएमओ क्रमांक लिहिण्यात चुकला आहे किंवा मनाने बनवला आहे का, हे कागदावर तपासता येतं. उदाहरणार्थ ९०७४७२९. पहिल्या सहा आकड्यांना डावीकडून ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं. ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९. बेरजेचा शेवटचा आकडा ९ आणि क्रमांकाचा सातवा आकडाही ९, म्हणजे क्रमांकाची रचना बरोबर आहे. जुळलं नाही तर क्रमांक चुकीचा, यात दुमत नाही. जुळलं तरी ते जहाज तेच आहे का हे पुढच्या सेवेत पाहावं लागतं.

हल्ल्याची बातमी खरी का, यासाठी ब्रिटिश नौदलाशी जोडलेल्या यूकेएमटीओचे इशारे सरळ वाचावेत. तिथे जहाजाचं नाव सहसा नसतं. घटना कुठल्या बंदरापासून किती मैलांवर घडली आणि काय प्रकार झाला एवढंच असतं. वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्हिडिओत जहाजाचं नाव असतं आणि वेळ नसते. इथे नेमकं उलट, आणि म्हणूनच हे जास्त कामाचं.

इक्वॅसिस

या यादीतली सगळ्यात रूक्ष आणि सगळ्यात उपयोगी सेवा. युरोपीय आयोग आणि फ्रान्सच्या सागरी प्रशासनाने २००० साली उभी केली. ईमेल देऊन नोंदणी करावी लागते, पैसे नाहीत. आयएमओ क्रमांक टाकला की जहाजाचं प्रगतिपुस्तक उघडतं: मालक कोण, चालवणारी कंपनी कोण, वर्गीकरण संस्था (जहाजाची बांधणी आणि देखभाल तपासून दाखला देणारी) कुठली, विमा कोणाचा, कुठल्या बंदरात तपासणी झाली आणि त्यात काय सापडलं, आधीची नावं आणि झेंडे कुठले.

यातला एक शब्द घरच्यांना घाबरवतो, ‘डिटेन्शन’. त्याचा अर्थ माणसांना अटक झाली असा नाही. तपासणीत गंभीर त्रुटी निघाल्या आणि त्या दुरुस्त होईपर्यंत बंदराने जहाज अडकवलं, एवढाच. एखादं डिटेन्शन चांगल्या जहाजाच्या वाट्यालाही येतं. दोन-तीन वर्षांत तीन-चार असतील, त्यात पगार, अन्न-पाणी, राहण्याची सोय यांच्या त्रुटी वारंवार असतील, वर्गीकरण संस्थेने जहाज सोडलेलं असेल आणि विम्याची जागा रिकामी असेल, तर साईन ऑन करण्याआधी, म्हणजे जहाजावर रुजू होण्याआधी, दहादा विचार करावा. थोड्या वर्षांत नाव आणि झेंडा वारंवार बदललेलं जहाजही त्याच रांगेतलं.

जहाजावर माणसं सोडून मालक पसार होणं ही जुनी कहाणी आहे. अशा प्रकरणांची यादी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि आयएमओ मिळून ठेवतात, तीही सगळ्यांना खुली. सागरी कामगार करार २००६ प्रमाणे ‘सोडून दिलेला’ कोण हे ठरलेलं आहे: घरी परत पाठवायचा खर्च मालक देत नाही, किंवा खाणं-पिणं-इंधन-औषध पुरवत नाही, किंवा संबंध तोडतो, आणि त्यात किमान दोन महिन्यांचा पगार थकवणंही आलं. जानेवारी २०१७ पासून अशा वेळी चार महिन्यांपर्यंतच्या थकीत पगाराची हमी देणारं प्रमाणपत्र जहाजावर लावलेलं असावं लागतं. मुलगा चढल्याबरोबर त्या प्रमाणपत्राचा फोटो मागवून ठेवावा. पगार दोन महिने थकला की तक्रार करता येते, सहा महिने ‘साहेब देतो म्हणालेत’ म्हणत थांबायची गरज नसते. आणि हे सगळं होण्याआधी, एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना आहे का ते महासंचालनालयाच्या यादीत पाहावं. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणं नियमाविरुद्ध आहे. इक्वॅसिसला हे काही माहीत नसतं, ते जहाजाबद्दल बोलतं, एजंटाबद्दल नाही.

प्रिस

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची अणुभट्ट्यांची नोंदवही. राजापूर तालुक्यात तिची परीक्षा घेणं सोपं आहे. जैतापूर प्रकल्पात माडबनला फ्रेंच बनावटीच्या ईपीआर जातीच्या, सहा भट्ट्या बसवायचा बेत आहे, मूळ योजनेप्रमाणे प्रत्येकी १,६५०, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॅटच्या. अरेवा या फ्रेंच अणुकंपनीशी सामंजस्य करार २००९ चा. अरेवाचा भट्ट्यांचा धंदा पुढे ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीकडे गेला आणि ईडीएफने २०२१ मध्ये तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. बाजूने आणि विरोधात बोलणारे दोघेही ‘परदेशात या भट्ट्यांचं काय झालं’ हे आपापल्या सोयीने सांगतात. प्रिस ते कोरडेपणाने सांगतं. फिनलंडची ओल्किलुओटो-३ बांधायला २००५ मध्ये घेतली, ग्रिडला जोडली २०२२ मध्ये. फ्रान्सची फ्लामाव्हिल-३ घेतली २००७ मध्ये, जोडली डिसेंबर २०२४ मध्ये. दोन्हींना सतरा वर्षं. चीनची ताइशान-१ मात्र २००९ ते २०१८. एकट्या फ्लामाव्हिलवरून ‘ही भट्टी होतच नाही’ म्हणणं चूक, आणि एकट्या ताइशानवरून ‘नऊ वर्षांत होते’ म्हणणंही तेवढंच चूक. कोकणात कुठलं धरावं हा वादाचा विषय राहील, पण वाद निदान खऱ्या वर्षांवर होईल.

वाचताना दोन तारखांची गल्लत होते. ग्रिडला पहिल्यांदा जोडणी आणि व्यापारी उत्पादनाची सुरुवात या वेगळ्या गोष्टी. ओल्किलुओटो-३ मध्ये त्यांच्यात वर्षाहून अधिक अंतर आहे, व्यापारी उत्पादन २०२३ चं. दरवर्षी किती वीज झाली याचा तक्ता खाली असतो, तो जरूर उघडावा. ताइशान-१ चा आकडा २०२१ आणि २०२२ मध्ये घसरलेला दिसेल. इंधनाच्या सळ्या खराब झाल्याने ती वर्षभर बंद होती, पण हे कारण प्रिस सांगत नाही. खर्च किती वाढला तेही सांगत नाही. आणि जैतापूर शोधलं तर बांधकामाच्या यादीत काहीच मिळत नाही, कारण काँक्रीट पडल्याशिवाय भट्टी तिथे चढत नाही. कागदावरच्या योजनांसाठी वर्ल्ड न्यूक्लिअर असोसिएशनची देशवार पानं चांगली आहेत, फक्त ती अणुउद्योगाची स्वतःची संघटना आहे हे धरून वाचायचं.

अवर वर्ल्ड इन डेटा

ऑक्सफर्डमधून मॅक्स रोझर यांनी सुरू केलेली ही सेवा आलेखांची राणी आहे, आणि तिच्या प्रेमात पडणं धोक्याचं आहे. आकड्यांचं मूळ प्रत्येक आलेखाखाली दिलेलं असतं, तक्ता उतरवून घेता येतो, देश निवडून तुलना करता येते. भारताने २०२३ मध्ये लोकसंख्येत चीनला मागे टाकलं, जननदर घसरतोय, म्हातारे वाढतायत, हे सगळं दोन मिनिटांत दिसतं. लोकसंख्येच्या आलेखात पुढच्या वर्षांची रेघ हा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज असतो, मोजणी नव्हे. लोक नेमकी तीच रेघ पुढे पाठवतात.

आता कोकणचा प्रश्न विचारा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत भारताची लोकसंख्या भराभर वाढत होती तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका. आलेखात शोधलं तर असं घटणारं काही जपानमध्ये दिसतं. पण जपानमध्ये मुलं जन्माला येत नाहीत म्हणून घट, आणि इथे मुलगे मुंबईला जातात म्हणून. बाजूबाजूला ठेवलेल्या दोन सारख्या रेघांमागे दोन वेगळे संसार असतात आणि ही सेवा देशाच्या खाली उतरत नसल्यामुळे आपला संसार तिच्यात दिसतच नाही. चाकरमान्यांचा जिल्हा देशाच्या सरासरीत विरघळून जातो. जिल्ह्यासाठी जनगणनेच्याच तक्त्यांकडे जावं लागतं आणि तेही अजून २०११ चे, कारण २०२१ ची मोजणी झाली नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तोवर ‘रत्नागिरीची सध्याची लोकसंख्या’ म्हणून जे काही वाचायला मिळेल तो कुणाचा तरी अंदाज समजावा.

कान्तिपुर आणि काठमांडू पोस्ट

देवगड-रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीला आणि ट्रॉलरवर जाळी ओढायला नेपाळी माणूस आहे. मासेमारीवरची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडू पेटलं तेव्हा बोटी दर्यात होत्या आणि खलाशांचे कान फोनला होते. ४ सप्टेंबरला २६ समाजमाध्यमांवर बंदी आली, ८ तारखेच्या गोळीबारात १९ जण गेले, ९ तारखेला पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, १२ तारखेला सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या. आपल्याकडच्या वाहिन्यांवर त्यातल्या एका दिवशी एका माजी पंतप्रधानांच्या पत्नीचा मृत्यू झाल्याचं सांगितलं गेलं, प्रत्यक्षात त्या गंभीर भाजल्या होत्या आणि त्यांच्यावर उपचार चालू होते. अशा वेळी जिथली आग तिथलीच खबर घ्यावी. इंग्रजीत काठमांडू पोस्ट, नेपाळीत कान्तिपुर.

नेपाळी देवनागरीत असल्याने मराठी माणसाला मथळा निम्माअधिक कळतो: ‘राजीनामा’ तोच, ‘सरकार’ तेच, ‘घाइते’ म्हणजे जखमी हेही चटकन उमगतं. फसवणारे शब्द वेगळे. ‘शिक्षा मन्त्रालय’ म्हणजे शिक्षण मंत्रालय, तिथे कुणाला शिक्षा होत नाही. ‘हप्ता’ म्हणजे आठवडा. ‘एक हप्ता कर्फ्यु’ वाचून कुणाला हप्ता दिला असा अर्थ काढू नये. तारखा विक्रम संवतातल्या. एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत वर्षातून ५७ वजा करायचे, जानेवारीपासून पुढच्या मध्य-एप्रिलपर्यंत ५६. ‘भदौ २३, २०८२’ म्हणजे ८ सप्टेंबर २०२५. महिना आपल्या भाद्रपदाशी नावापुरता जुळतो. तिकडचा महिना सौर आणि आपला चांद्र, त्यामुळे गणपतीच्या हिशेबाने तारीख काढली तर चुकते.

थोडक्यात आणखी

परी, म्हणजे पी. साईनाथ यांनी २०१४ च्या डिसेंबरात सुरू केलेला ग्रामीण भारताचा संग्रह, मराठीतही वाचता येतो आणि भाषांतर वाचल्यासारखं वाटत नाही. जात्यावरच्या लाखभर ओव्यांचा खजिना तिथे आहे. फक्त ताजी बातमी म्हणून तिथे जाऊ नये. बीबीसी मराठी ऑक्टोबर २०१७ पासून आहे. समजावून सांगणाऱ्या लेखांत ती बरी, स्थानिक तपशिलात पातळ. द कॉन्व्हर्सेशनमध्ये प्राध्यापक लिहितात, आणि लेखक कोणाचे पैसे घेतो याचं निवेदन लेखासोबतच असतं. ही एक सवय मराठी वृत्तपत्रांच्या संपादकीय पानाने उचलली तरी पुष्कळ.

‘युनेस्कोने मान्यता दिली’ असा निरोप आला की युनेस्कोच्या दोन याद्या वेगवेगळ्या उघडाव्यात. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांतून जागतिक वारसा यादीत गेले. बारसूसह कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून तात्पुरत्या यादीत आहेत. तात्पुरती यादी म्हणजे देशाने सांगितलेली इच्छा, जागतिक संस्थेचा निर्णय नव्हे. कातळशिल्पं असलेल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काही बांधायचं की नाही या वादात हा फरक दोन्ही बाजूंनी गिळला जातो.

रेंज, भाषांतर आणि साठवण

फोनमधल्या आपोआप भाषांतरावर या विषयात भरवसा ठेवू नये. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही, वाक्य उलटं होऊन बसतं. जहाजाच्या वर्गीकरणाच्या ‘क्लास’चा वर्ग होतो, नोंदणीचा देश सांगणाऱ्या ‘फ्लॅग’चा नुसता झेंडा. शंका आली की तो एक शब्द मूळ इंग्रजीतून पाहावा, सगळं पान नव्हे.

जहाजांचा नकाशा डेटा खातो. रेंज एका काडीवर असेल तर नकाशा न उघडता जहाजाचं माहिती-पान थेट उघडावं. अवर वर्ल्ड इन डेटाचा हलता आलेख न उघडता चित्र म्हणून उतरवावा. लेख साठवायला अनेकजण पॉकेट वापरत, ते ८ जुलै २०२५ ला बंद पडलं आणि त्यात ठेवलेले लेख वेळेत बाहेर न काढणाऱ्यांचे गेले. सगळ्यात टिकाऊ मार्ग साधा आहे: ब्राउझरच्या मेनूतून ‘प्रिंट’, मग ‘पीडीएफ म्हणून सेव्ह’. वीज गेली, टॉवर गेला तरी फाइल फोनमध्ये राहते. फाइलच्या नावात साठवल्याची तारीख घालावी. इक्वॅसिसचं पान आणि लोकसंख्येचा आलेख दोन्ही बदलत राहतात. मुलगा चढला त्या दिवशी जहाजाचा विमा कोणाचा होता हे सहा महिन्यांनी विचारायची वेळ आली, तर साईटवर आजचं नाव असेल, त्या दिवसाचं फक्त त्या फाइलीत.